पायाळू : पोटातले मूल वळते कसे?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा "पोटातले मूल वळते कसे" असे मी सांगितले आणि ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. संप, बोनस, किमान वेतन, फार तर गिरणगावच्या आठवणी, असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण शाळेतच संपले; पुढचे जे काही वाचन झाले ते एस. टी.च्या बाकावर, युनियनच्या कचेरीत आणि गावोगावच्या वाचनालयांत. तरीही हा विषय घेण्यास दोन कारणे आहेत. गेली काही वर्षे मी आशा स्वयंसेविका आणि अंगणवाडी सेविका ह्यांच्या संघटनेचे काम करतो. त्यांच्या बैठकीत मागण्यांचा कागद बाजूला पडतो आणि कुठल्या वाडीत कोणाचे दिवस भरत आले, कोणाचे मूल अजून आडवे आहे, ह्याचीच चर्चा चालू होते. ऐकता ऐकता मी विचारू लागलो आणि विचारता विचारता वाचू लागलो. दुसरे कारण खाजगी आहे. मी स्वतः पायाळू आहे.

कोकणात पायाळू माणसाला जन्मभर एक बिनपगारी नोकरी असते. कोणाची उसण भरली, कोणाची कंबर धरली, की तो आपल्या ओटीवर येऊन पालथा पडतो आणि आपण त्याच्या पाठीला तीनदा पाय लावावयाचा. मी हे काम लहानपणापासून केले आहे. कित्येकांना बरेही वाटले. उसण दोन-चार दिवसांत आपोआपही उतरते, हा भाग वेगळा. पायाळूवर वीज पडते, असाही समज आहे. त्यामुळे वळवाचा पाऊस कडाडू लागला की आई मला अंगणात उभे राहू देत नसे. तिसरा समज असा, की पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातले म्हणजे त्याला जमिनीतले गुप्तधन दिसते. आमच्या संघटनेची शिल्लक ज्यांनी पाहिली आहे, त्यांचा ह्या समजावरचा विश्वास केव्हाच उडालेला आहे.

पण पायाळू म्हणजे काय? बहुतेक सगळी मुले डोक्याने जन्माला येतात, काही थोडी पायांनी किंवा कुल्ल्यांनी येतात. मग ह्या थोड्यांचे काय बिघडले? आणि बाकीच्यांना डोके खाली करून बसावे हे कोणी शिकवले? हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात असे सांगितले आहे की, गर्भ आईच्या पाठीकडे तोंड करून, डोके वर ठेवून, हातपाय आखडून बसलेला असतो आणि जन्मवेळ आली की प्रसूतीच्या वायूच्या योगाने उलटून डोके खाली करून बाहेर येतो. ही प्रकृती आणि ह्याहून वेगळे ते विकृती. इकडे आपल्याकडे असे, तर तिकडे ग्रीकांच्या वैद्यकातही जवळजवळ हेच. मूल सातव्या महिन्यापर्यंत बसलेले असते आणि मग कोलांटी मारते, असे त्यांच्याकडे मानीत. ॲरिस्टॉटलने कारण दिले ते वजनाचे : बेंबीच्या वरचा भाग जड, म्हणून तराजूचे पारडे झुकावे तसे डोके खाली जाते. युरोपात हे मत अठराव्या शतकापर्यंत टिकून होते.

ह्या जुन्या लोकांना हसण्याचे कारण नाही. पोटाच्या आत पाहण्याची सोय नव्हती. बाहेर आलेले मूल आणि बाहेर न येऊ शकलेले मूल, एवढाच त्यांचा पुरावा होता. आणि त्यांचा अर्धा भाग बरोबरच आहे. मूल हातपाय आखडून असते, ते उलटते आणि डोके खाली असणे हीच प्रकृती, हे खरे. चुकले ते वेळेचे गणित. मूल शेवटच्या घटकेला एकदाच कोलांटी मारीत नाही. ते महिनोन्महिने फिरतच असते आणि हळूहळू फिरावयाचे थांबते.

हे आपल्याला आज निश्चित माहीत आहे त्यामागे दोन-तीनशे वर्षांचे काम आहे. लंडनच्या विल्यम हंटर ह्याने १७७४ साली गरोदर गर्भाशयाच्या चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गरोदरपणात मरण पावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनावरून ती चित्रे काढलेली आहेत. त्यांतले पूर्ण वाढीचे मूल कळा सुरू होण्याआधीच डोके खाली करून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिओपोल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरने पोटावर हात ठेवून मूल ओळखण्याच्या चार पद्धती नीट बांधून दिल्या. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनल्ड ह्यांनी ध्वनिलहरींनी पोटातले चित्र पाहण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून जिवंत मूल आत काय करते ते सरळ डोळ्यांनी दिसू लागले. ह्याच यंत्राचा आपल्याकडे मुली मारण्यासाठी उपयोग झाला, म्हणून महाराष्ट्राला १९८८ साली आणि देशाला १९९४ साली कायदा करावा लागला, हेही विसरता येत नाही. मूल आडवे की उभे हे यंत्राने सांगावे. मुलगा की मुलगी हे सांगणे गुन्हा आहे.

आता प्रत्यक्ष हकीगत. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि एकंदर ४० आठवडे धरतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास मूल दीड-दोन सेंटीमीटरांचे असते, पण त्याची हालचाल सुरू झालेली असते. बाराव्या आठवड्यात डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत साधारण साडेपाच-सहा सेंटीमीटर आणि वजन १४-१५ ग्रॅम. एवढ्याशा जिवाला पाण्याची पिशवी म्हणजे तळे. नाळेच्या आधाराने ते त्यात तरंगते, पाय मारते, उलटते, पुन्हा सुलटते. ह्या काळात मुलाची 'ठेवण' विचारणे म्हणजे विहिरीतल्या माशाला तू कुठल्या दिशेला राहतोस असे विचारण्यासारखे आहे. सकाळी डोके वर असेल, दुपारी खाली, संध्याकाळी आडवे. आईला ह्यातले काही कळत नाही. पहिलटकरणीला हालचाल जाणवते ती अठराव्या ते विसाव्या आठवड्यात. जिला आधी मूल झालेले आहे तिला थोडी आधी.

विसाव्या आठवड्यात वजन सुमारे ३०० ग्रॅम, अठ्ठाविसाव्यात सुमारे एक किलो, पूर्ण दिवसांचे मूल अडीच ते साडेतीन किलो. मूल असे झपाट्याने वाढते. गर्भाशयही वाढते : एरवी ६०-७० ग्रॅम वजनाची मुठीएवढी पिशवी, ती शेवटी एक किलोच्या आसपास जाते. पाणी मात्र ह्या शर्यतीत मागे पडते. गर्भजल चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त, म्हणजे ८०० मिलिलीटर ते एक लिटर असते आणि नंतर ते कमी होऊ लागते. मूल वाढते आहे आणि पाणी आटते आहे. मग मोकळी जागा कोठून राहणार? भाड्याची खोली तेवढीच आणि बिऱ्हाड मात्र वाढत चाललेले, अशी ही स्थिती. चाळीत राहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. जागा कमी झाली की माणूस जिथे बरे बसते तिथे बसतो आणि मग तिथून हलत नाही.

म्हणूनच आकडे असे दिसतात : अठ्ठाविसाव्या आठवड्यात पाहिले तर चार-पाच मुलांमागे एक डोके वर करून असते; बत्तिसाव्या आठवड्यात हे प्रमाण बरेच उतरते; आणि पूर्ण दिवस भरल्यावर शंभरांत तीन-चारच तशी राहतात. अर्थात सातव्या महिन्यात कोणा सुनेला "मूल पायाळू आहे" असे सांगितले गेले आणि घरात रडारड झाली, तर ती रडारड अकाली आहे. त्यातली बहुतेक मुले आपण होऊन वळावयाची असतात.

पण बसते तर डोके खाली करूनच का बसते? ॲरिस्टॉटलचा तराजू येथे पुरा पडत नाही. पूर्ण वाढीच्या गर्भाशयाचा आकार पाहा. देठ खाली करून धरलेल्या पपईसारखा तो असतो : वर रुंद, खाली निमुळता. आता मुलाकडे पाहा. डोके मोठे दिसते खरे, पण ते एकटे आहे. दुसऱ्या टोकाला कुल्ले आहेत, आणि त्यांच्याशी मांड्या, गुडघे, पाय असे सगळे दुमडलेले गाठोडे आहे. शेवटच्या महिन्यांत हे गाठोडे डोक्यापेक्षा जास्त जागा खाते, आणि शिवाय ते स्वस्थ बसत नाही, लाथा झाडते. तेव्हा मोठे आणि हलते टोक रुंद भागात, आणि लहान, गुळगुळीत, स्वस्थ टोक निमुळत्या भागात, असा तो जुळतो. मूल पाय झाडते, पायांना खाली जागा मिळत नाही, ते भिंतीला रेटते आणि रेटता रेटता फिरते. ह्याचा एक दुःखद पण पक्का पुरावा आहे. काही मुलांच्या डोक्यात पाणी साठून डोके फार मोठे होते. अशी मुले डोके वर करून राहण्याचे प्रमाण जास्त आढळते. नुसत्या वजनाचा प्रश्न असता तर ते जड डोके आधी खाली यावयास हवे होते. पण ज्या टोकाला जागा जास्त लागते ते टोक वरच्या रुंद भागात जाते.

डोके खाली आले म्हणजे सगळे संपले असे मात्र नाही. पाठ कोणत्या बाजूला, हनुवटी छातीला टेकलेली की वर उचललेली, तोंड आईच्या पाठीकडे की पोटाकडे, हेही पाहावे लागते. ह्याचे कारण वाट अरुंद आहे आणि ती सरळ नाही. ओटीपोटाचे हाडांचे जे कडे आहे, त्याचा वरचा दरवाजा आडवा रुंद असतो : आडवा सुमारे १३ सेंटीमीटर, पुढून मागे सुमारे ११. खालचा दरवाजा ह्याच्या उलट, पुढून मागे जास्त मोकळा. म्हणजे आत शिरावयाचे एका अंगाने आणि बाहेर पडावयाचे दुसऱ्या अंगाने. शिमग्यात पालखी अरुंद पाणंदीतून नेताना आपण काय करतो? पुढचा भोई थांबतो, दांडा तिरका करतो, खांदा बदलतो, कोपरा घेतो आणि मग पुन्हा सरळ होतो. मूल हेच करते. डोके आडवे किंवा तिरपे आत शिरते, उतरताना सुमारे पाव फेरा घेऊन तोंड आईच्या पाठीकडे करते, बाहेर येते, आणि लगेच डोके पुन्हा बाजूला वळते, कारण मागून येणाऱ्या खांद्यांनाही तोच कोपरा घ्यावयाचा असतो.

हनुवटी छातीला टेकलेली असली तर डोक्याचा जो व्यास वाटेत येतो तो साडेनऊ सेंटीमीटरांचा. तीच हनुवटी वर उचललेली राहिली आणि कपाळ पुढे आले तर तो १३ सेंटीमीटरांच्याही वर जातो, आणि तेवढी वाट कोणाचीच नसते. साडेतीन सेंटीमीटरांच्याही वरचा हा फरक. त्यावर कितीतरी बाया अडल्या आहेत. निसर्गाने आणखी एक सोय ठेवलेली आहे. मुलाच्या कवटीची हाडे एकमेकांना पक्की जोडलेली नसतात. वाटेत ती थोडी एकमेकांवर सरकतात. नव्या बाळाचे लांबुडके डोके पाहून आजीबाई ते चोळून गोल करावयास निघतात. त्याची गरज नाही, ते काही दिवसांत आपोआप गोल होते.

काही मुले मात्र वळतच नाहीत, ती का? कित्येकांच्या बाबतीत वेळच पुरलेला नसतो. दिवस भरण्याआधी कळा आल्या तर मूल अजून फिरतेच असते. कोठे जुळे असते, कोठे वार खाली बसून वाट अडवून असते, कोठे पाणी फार कमी किंवा फार जास्त, कोठे गर्भाशयात गाठ किंवा मधोमध पडदा, तर कोठे चार-पाच बाळंतपणांनी पोट सैल पडलेले. पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. नॉर्वेमध्ये लाखो जन्मांच्या नोंदींवरून २००८ साली असे दाखवून देण्यात आले की, आई किंवा बाप स्वतः पायाळू जन्मलेला असेल तर त्यांचे पहिले मूल पायाळू होण्याचा संभव दुपटीहून जास्त असतो. बापाकडूनही! हे वाचले तेव्हा मला गंमत वाटली. आमच्या घरी सुनेवर बोट ठेवण्याची रीत होती. आता निदान अर्धे बोट मुलाकडे वळवावे लागेल.

आणि हेच मला ठासून सांगावयाचे आहे. ग्रहणात विळी हातात घेतली, हात वर करून दोरीवर कपडे वाळत घातले, उंबऱ्यावर बसली, डाव्या कुशीला निजली, म्हणून मूल आडवे झाले, ह्याला कसलाही आधार नाही. लावणीला वाकली म्हणून मूल फिरले, हेही तसेच. पण ह्याचा अर्थ गरोदर बाईने शेवटच्या दिवसापर्यंत चिखलात उभे राहावे असा कोणी लावू नये. विश्रांतीचा हक्क हा मूल कोणत्या बाजूला आहे ह्यावर अवलंबून नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात गिरण्यांतील बायांना बाळंतपणाची रजा व भत्ता देणारे बिल आले, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील आंबडवे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले. पुढच्या वर्षी, १९२९ साली, तो कायदा झाला. १९६१ साली सबंध देशासाठी कायदा आला, त्यात दिवस भरत आलेल्या बाईला मागणीवरून जड काम व तासन्‌तास उभे राहण्याचे काम देऊ नये, असे कलम होते. २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांवर गेली आणि ही कलमे पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली. लावणीच्या मजूर बाईपर्यंत ह्यातले काय पोचते, हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

पायाळूपेक्षा खरे भय आडव्या मुलाचे. सुश्रुताने निदानस्थानात अडलेल्या गर्भाचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतल्या एकाचे नाव 'परिघ'. परिघ म्हणजे दाराचा अडसर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने हे नाव किती अचूक दिले आहे! पूर्ण दिवसांच्या सुमारे तीनशे बाळंतपणांत एखादे मूल असे आडवे राहते. पायाळू मूल निदान बाहेर येऊ शकते; अडसर येऊ शकत नाही. कळा चालूच राहतात, खांदा रुतत जातो, हात बाहेर येतो, आणि शस्त्रक्रिया झाली नाही तर गर्भाशय फाटते.

माझ्या पाठची बहीण अशी आडवी होती. वडील मुंबईला गिरणीत, घरी आजी आणि सुईण. मला ज्या सुईणीने सोडवले तीच ही. माझ्या वेळी तिने फार शहाणपणाचे काम केले होते : तिने काहीच केले नव्हते. पायाळू मूल ओढावयाचे नसते. ओढले की हनुवटी उचलते, हात डोक्याकडे जातात आणि शेवटी डोके अडकते. ते आपल्या अंगाने येऊ द्यावे आणि शेवटी फक्त आधार द्यावा, हे तिला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. पण बहिणीच्या वेळी हात बाहेर आला आणि तिने आजीला सांगितले, हे माझ्या हातचे नाही. भर आषाढ, साकवावरून पाणी. घोंगडीची डोली करून चौघांनी आईला रस्त्यापर्यंत नेले, तेथून मालाच्या ट्रकने. आई वाचली. बहिणीचे नाव ठेवण्याची वेळ आली नाही. आई पुढे कित्येक वर्षे जगली, पण ती डोली उचलणाऱ्या चौघांची नावे तिने कधी विसरू दिली नाहीत.

ह्या गावापुरते सांगावयाचे तर १९५४ साली इंदिराबाई हळबे, म्हणजे आपल्या सर्वांच्या हळबे मावशी, ह्यांनी देवरूखात मातृमंदिर सुरू केले ते दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून. दोन खाटा म्हणजे काय, असे आज कोणाला वाटेल. ज्या मुलखात रस्ताच दोन पायांचा होता, तेथे दोन खाटा हा केवढा पल्ला होता हे डोली उचलणाऱ्यांना विचारावे. त्याच्याही आधी, १८८६ साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय होता हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र. त्यांचे स्वतःचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते. विषय कोठून येतात हे ह्यावरून कळावे.

आता उपायाचे. मूल कसे आहे हे कळावयास प्रत्येक वेळी यंत्रच लागते असे नाही. नर्सबाई पोटावर हात ठेवतात तेव्हा त्या काय पाहतात? वरच्या टोकाला काय आहे : डोके असेल तर नारळासारखे कठीण, गोल, आणि दोन हातांत टोलवता येणारे, कुल्ले असतील तर मऊ आणि बेढब. मग दोन्ही कुशी : एकीकडे पाठीची सलग भिंत, दुसरीकडे हातापायांची टेंगळे. मग खाली, जांघेच्या वर. आणि शेवटी पायांकडे तोंड करून, डोके कड्यात किती उतरले ते. हृदयाचे ठोके बेंबीच्या खाली स्पष्ट आले तर बहुधा डोके खाली, वर आले तर बहुधा पायाळू. हे हात प्रत्येक गरोदर बाईच्या पोटाला छत्तिसाव्या आठवड्यात लागलेच पाहिजेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी करण्याची योजना २०१६ पासून आहे. त्या तारखेला लावणी असो की लग्न असो, तिला पाठवा.

छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यातही मूल वळले नसेल तर पोटावरून हाताने हळूहळू फिरवून वळवण्याची रीत आहे. ती सुमारे निम्म्या वेळा साधते, आणि जिला आधी मूल झाले आहे तिला अधिक. पण ती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात, मुलाचे ठोके तपासून आणि जाणत्या डॉक्टरच्या हातूनच व्हावयास हवी. वार खाली असेल, रक्तस्राव असेल, पाणी गेले असेल, जुळे असेल, तर ती करीत नाहीत. घरी तेल लावून पोट रगडून मूल फिरवू पाहणे मात्र सर्वस्वी घातक; वार सुटली तर आई आणि मूल दोघेही जातात.

त्यानेही जमले नाही तर काय, ह्याबद्दल २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांवर स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ठरवून शस्त्रक्रिया केलेल्या पायाळू मुलांत मृत्यू किंवा गंभीर इजा शंभरांत दीडच्या आसपास, नैसर्गिक प्रसूती योजली त्यांत पाच. त्यानंतर जगभर पायाळू म्हटले की शस्त्रक्रिया, असा प्रघात पडला. पुढे त्या अभ्यासावर टीकाही झाली. निवडक बायांना, कसलेले हात आणि तयारी असेल तर नैसर्गिक प्रसूती देता येते, असे मानणारे डॉक्टर आहेत. मला त्यातला न्याय करता येणार नाही. पण कसलेले हात आणि तयारी ह्या दोन गोष्टी वाडीवर नसतात, एवढे मी सांगू शकतो. देवरूखपासून रत्नागिरी पन्नासएक किलोमीटर, आणि घाटाखालच्या वाडीपासून देवरूख आणखी किती, ते ज्याचे त्याने मोजावे. तेव्हा मूल पायाळू किंवा आडवे असल्याचे कळले, तर तारखेच्या आधीच बाईला रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे आणून ठेवावे. पावसाळ्यात तर नक्कीच. मूल आडवे किंवा पायाळू असताना पाणी गेले तर नाळ पुढे घसरण्याची भीती असते. तिला चालवू नये, आडवे करावे, कंबरेखाली उशी देऊन ओटीपोट वर ठेवावे आणि १०८ ला फोन करावा.

हा फोन बहुधा आशाताई करते. छत्तिसाव्या आठवड्याची आठवण तीच देते, गाडीत सोबत तीच बसते, रात्री परत यावयास वाहन नसले तर रुग्णालयाच्या व्हरांड्यात तीच निजते. सरकारदरबारी ती 'स्वयंसेविका' आहे, म्हणून तिला पगार नाही, मोबदला आहे. मागणीपत्र येथे वाचून दाखवणार नाही असे मी चिटणीसांना कबूल केले आहे.

शेवटी पायाळूंच्या पायाबद्दल एक गोष्ट राहिली. पाठीला लागणाऱ्या आमच्या पायाची एवढी चर्चा होते, पण त्या पायाच्या खुब्याकडे कोणी पाहत नाही. शेवटच्या महिन्यांत जी मुले डोके वर करून राहिली, त्यांच्या, विशेषतः मुलींच्या, खुब्याचा सांधा खोबणीत नीट न बसण्याचा धोका इतरांहून जास्त असतो. मग ती शस्त्रक्रियेने जन्मलेली का असेनात. जन्मल्यावर डॉक्टरांकडून दोन्ही खुबे तपासून घ्यावेत आणि सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करावी. लवकर कळले तर काही आठवडे पट्टा बांधून सांधा जागेवर येतो. मूल चालू लागल्यावर कळले तर शस्त्रक्रिया करावी लागते. दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणे अशा मुलाला वाईट. आपल्याकडे मूल कडेवर घेतात, पाय दोन्हीकडे फाकवून. ते मात्र खुब्याला चांगले असते.